दुवा उघडतो, पण कुठे?

सलवा कम्मून नाकावर माशी बसू देत नसे. स्फाक्स शहरातल्या आमच्या कचेरीत ती दक्षिणेकडच्या दवाखान्यांसाठी विषबाधेची पुस्तिका तयार करायची. मूळ मजकूर एक्सएमएलच्या फायलींत. त्यांवर तिची स्टाइलशीट, म्हणजे पानं घडवणारी आज्ञावली, चालवली की वेबपानं तयार. एका पानावरचा दुवा दाबला की दुसऱ्या पानावरचा नेमका तक्ता उघडे. या दुव्यांचा तिला भारी अभिमान. "सगळे जुळले ना?" असं विचारायची सोय नव्हती.

ऑगस्टात, ऐन विंचवांच्या दिवसांत, नवी आवृत्ती दवाखान्यांत पोचली. तपासणीत एकही दुवा तुटलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज विंचवाच्या पानावरचा दुवा दाबला.

"लल्ला सलवा," मी म्हणालो; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाई. "हा तक्ता सापाच्या विषावरच्या लशीचा आहे."

"डोळे तपासून घे, हातेम."

तरी उठून आली. पाहिलं आणि तिनं मूळ फायली उघडल्या. लशींच्या फायलीत तिनं जेलीफिशचं प्रकरण नव्यानं घातलं होतं. तिची स्टाइलशीट तक्त्यांना ओळीनं क्रमांक द्यायची, त्यामुळे पुढचे सगळे एकेक घर सरकले. त्या फायलीवर तिनं स्टाइलशीट पुन्हा चालवली, विंचवाचं पान मात्र जुनंच राहू दिलं. तिथला दुवा अजून जुनाच क्रमांक धरून बसला होता. दुवा उघडत होता, म्हणून यंत्रही खूश.

आमचे साहेब सी मुन्जी दारातूनच म्हणाले, "गुपचूप दुरुस्त कर. बोभाटा झाला तर आपलं पुस्तक पुन्हा कोण उघडेल?"

"आणि आत्ता कुणी उघडून बसलं असेल तर?"

उत्तराची वाट न बघता तिनं एकेका दवाखान्याला फोन लावायला घेतला. दूझ गावचा लागेचना. शेवटी तिथला परिचारक मबरूक बोलला.

"लल्ला, नंतर करा. पोरीला विंचू चावलाय, तुमचाच तक्ता समोर आहे."

"तक्त्याच्या वर सरकव. मथळा वाच."

"अहो, सुई भरलीये हातात!"

"वाच म्हणते ना!"

पलीकडे पोर रडत होती. मग मबरूक वाचू लागला. "साप… सापाची लस."

"ठेव ती सुई. मी मूळ फायलीतून वाचते, तू एकेक ओळ परत म्हण."

तिनं वाचलं, त्यानं म्हटलं. फोन ठेवल्यावर ती टेबलावर डोकं टेकून हमसून रडली. सी मुन्जी चहा घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवून गेले.

संध्याकाळी मबरूकनं कळवलं, पोर खजूर मागतेय.

मग सलवानं क्रमांकच काढून टाकले. प्रत्येक तक्त्याला मूळ फायलीतच कायमचं नाव दिलं, कितीही प्रकरणं घाला, ते हलणार नाही. सगळी नावं नियमाला धरून आहेत. विंचवाच्या तक्त्याचं तेवढं नियमात बसत नाही. नवा माणूस आला की ते बदलायला निघतो आणि मी त्याचा हात धरतो.

त्या तक्त्याचं नाव 'इल्हेम' आहे. फोन करून सलवानं पोरीचं नाव विचारून घेतलं होतं.