बागेतला गिरणी कामगार

हे लिहिण्याची माझी पात्रता नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इतिहास लिहायचा तर कागदपत्रं लागतात, असं आमचे सर सांगतात. माझ्याकडे आईनं सांगितलेलं आहे, तेवढंच.

सोलापुरात आमच्या वस्तीजवळच्या बागेत गिरणी कामगाराचा सिमेंटचा पुतळा होता. हातात मागावर आडवं सूत फिरवायचा धोटा, खांद्यावर टॉवेल. चित्रकलेच्या एका मास्तरांनी तो घडवला. त्यांना समोर उभं राहायला खरा कामगार हवा होता. सांगोल्याकडून येऊन गिरणीत माग चालवणारे माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सुट्टीच्या दिवशी जाऊन उभे राहिले. खालच्या पाटीवर मास्तरांचं नाव होतं, आजोबांचं नव्हतं. घरात त्यांचा एकही फोटो नाही. आईला वडिलांचा चेहरा बघायचा तर बागेत जावं लागे.

खंडेनवमीला गिरणीत सगळे आपापला माग पुसून त्याची पूजा करायचे. पुढे गिरणी बंद पडली, आजोबाही गेले. तेव्हापासून आई त्या दिवशी पुतळ्याच्या धोट्याला हळदकुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची. शेजारच्या तेलुगू घरातल्या मावशी चिडवायच्या, "तुझा बाप देव झाला की गं."

"देव कुटला? कामावर हाय अजून," आई म्हणायची.

मग बागेचं नव्यानं काम निघालं. पुतळा ठेवणार की काढणार, कुणी सांगेना. महापालिकेच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज द्यायला सांगितलं. मी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला आणि आईला वाचून दाखवला. आजोबांचं सगळं त्यात होतं, फोटो नसल्याचंही होतं. तिला ते कमी वाटलं.

"पूजेचं बी लिही की. नुसता बाप हाय म्हटल्यावर कोण ऐकतंय?"

मलाही पटलं. 'येथे आम्ही दरवर्षी नियमित पूजा करतो' असं लिहून मी त्याखाली रेघ मारली. पोच म्हणून शिक्का मिळाला. त्या शिक्क्याचा मला अभिमान वाटला होता, हे लिहिताना लाज वाटते.

बागेभोवती पत्रे उभे राहिले. आई फटीतून बघून यायची, काही दिसायचं नाही. मी चार-पाच वेळा कचेरीत गेलो. कधी साहेब नसायचे, कधी फाईल वर गेलेली असायची. आईला मी "बघतायत" एवढंच सांगायचो. यंदा खंडेनवमीला तिनं केलेला हार घरातच सुकला.

गेल्या आठवड्यात टपालानं उत्तर आलं. आईला वाचता येत नाही. ती समोर येऊन बसली, म्हणून मला ते मोठ्यानं वाचावं लागलं. अर्जदाराने स्वतः लेखी कळविल्यानुसार सदर ठिकाणी नियमित पूजा होत असल्याने, सदर बांधकाम अनधिकृत धार्मिक स्थळ म्हणून पाडण्यात आले आहे.