तोंडभर पोहे

व्हिएतनाममधल्या आमच्या ख्मेर गावच्या विहाराचा आचार, म्हणजे पूजाअर्चा सांगणारा, थाच मुन्नी. हा माणूस कालव्यातल्या म्हशीशीही गप्पा ठोकील. पण यंदा चंद्राच्या सणाआधी त्याची बोलतीच बंद. मी सोडतोय थोडाच! खोदून खोदून विचारलं.

कारण निघालं नात, माली. सायगॉनहून सुट्टीला आलेली. पोपटासारखी व्हिएतनामी बोलायची, आमच्या ख्मेर भाषेच्या नावानं पूज्य. आणि सणात चंद्र वर आला की आचार पोराच्या तोंडात पोहे नि केळं कोंबतो, पाठ थोपटतो, विचारतो, "काय हवं?" पोर बोलेल तसं गावाचं वर्ष जातं. यंदा पहिला घास मालीचा.

"व्हिएतनामीत बोलली तर?" मुन्नी म्हणाला. "गेल्या साली गावातल्या सोनचा नातू तसाच बोलला, तेव्हा मी केवढा हसलो होतो!"

"मग यंदा सोन हसेल. मीही हसेन."

"शेजारी आहेस की वैरी रे?"

त्याचंही खरंच होतं. पोहे आता पाकिटातून येतात, कांडतो कोण? सणातल्या होड्यांच्या शर्यतीला बिअरवाल्यांचे झेंडे. ख्मेरमध्ये उरलाय तो एवढा प्रश्न, त्याचं उत्तरही गेलं तर?

म्हणून तो मालीकडून 'पाऊस' शब्द घोकून घेत बसायचा. आणि दर वेळी मधे बायको नियारी, हातात ताट.

"शिकवणी राहू द्या. पोर वाळलीय नुसती. खा गं बाई, हा एवढा मासा."

सणाला चंद्र उगवला. लबाडानं दुप्पट पोहे कोंबले, मी पाहिलं ना. "काय हवं?"

"मंफ्‌-उंफ्‌."

तोंडभर पोह्यांना कुठली आलीय भाषा!

"पाऊस म्हणाली!" शेतकरी ओरडले.

"छट्‌, पहिला नंबर म्हणाली!" होडीवाले.

मुन्नीचा चेहरा उजळला. माझं पोट दुखायला लागलं. "आचार, नीट ऐकू नाही आलं. पुन्हा विचारा की!"

सोननंही री ओढली. मुन्नीनं माझ्याकडे जळजळीत पाहत दुसरा घास उचलला. मालीनं पहिला कसाबसा गिळला, दोन्ही हात तोंडावर धरले आणि त्यांच्या आडून ती खणखणीत ख्मेरमध्ये किंचाळली, "पुरे!"

असा शकुन कुणी ऐकलाच नव्हता.

"अगंबाई," नियारी म्हणाली, "हा शब्द तर ती माझ्या ताटापुढे शिकली!"

"ऐकलंत ना?" मुन्नी गरजला. "पुरे म्हणाली! यंदा पाऊस, भात, मासे, सगळ्यांना पुरेल!"

सोननं हात जोडले. मग मुन्नीच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो सुटलाच. इतका बोलला, इतका बोलला, की शेवटी मालीचा शब्द मलाच वापरावा लागला.