सर्वांत आनंदी डॉक्टरीण

घरात कुणी रात्रपाळी करून आलं की बाकीच्यांनी चोरासारखं वावरायचं असतं. डॉक्टरिणीच्या नवऱ्याला आता ते छान जमायला लागलं होतं. नळ करंगळीएवढा सोडून तो कपबशा विसळत होता. तिचे कपडे बादलीत गरम पाण्यात बुडवून ठेवले होते, चहा झाकून ठेवला होता. अंघोळ करून तिने उशीला डोकं टेकलं न टेकलं, तोच दारावर थाप पडली.

"कोण आहे ते हाकलून दे," ती आतूनच म्हणाली.

पण दारातली बाई हाकलण्यातली नव्हती. इस्पितळाच्या कल्याण विभागातली होती. हातात रिबीन बांधलेली टोपली, गळ्यात ओळखपत्र, आणि मास्कच्या वर इतके हसरे डोळे, की बघताच डॉक्टरिणीच्या कपाळाची शीर उडायला लागली. ती ओल्या केसांनिशी तशीच बाहेर येऊन उभी राहिली.

आपल्या देशात तिने आठ वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला होता. छातीच्या विकारांचं पुढचं शिक्षण घ्यायला ती इकडे आली आणि पुन्हा 'शिकाऊ' झाली. तेही तिने पत्करलं. मग साथ आली. शिकणं राहिलं बाजूला. सहा आठवडे म्हणून साथीच्या वॉर्डात पाठवलं, त्याला आता सतरा आठवडे झाले होते.

"अभिनंदन!" दोन पावलं लांब राहून बाई म्हणाल्या. "आमचा दर आठवड्याचा स्वास्थ्याचा फॉर्म. झोप, भूक, मन. सलग अकरा आठवडे तुम्ही सगळीकडे 'उत्तम' लिहिलंय. अख्ख्या इस्पितळात सर्वांत आनंदी डॉक्टर तुम्ही!"

डॉक्टरिणीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो पुसलेली बशी पुन्हा पुसायला लागला.

बाईंना या दोघांची भाषा कळत नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं.

"अकरा आठवडे?" ती म्हणाली.

"तूच पासवर्ड दिलास. म्हणालीस, भरून टाक, मला झोपू दे."

"भरून टाक म्हटलं होतं. रंगवून टाक नाही!"

"मग काय लिहायचं? जिन्यात बसून रडते? न्हाणीघरात उभ्या उभ्या डुलकी लागते? फॉर्म वाचतो तोच साहेब तुझं वर्ष पूर्ण झाल्याची सही करतो. तुमच्या शिकाऊंतल्या त्या जाड्याने खरं लिहिलं, तर सही तीन महिने अडली. सही नाही तर व्हिसा नाही. विसरलीस?"

"मला विचारायचं तरी!"

"कधी? तू घोरत असतेस."

"मी घोरत नाही."

"बरं, शिट्ट्या वाजवतेस."

"किती गोड!" बाई म्हणाल्या. "घरात असा संवाद हवा. लिहून ठेवते."

टोपलीत सुगंधी मेणबत्ती होती, लोकरीचे मोजे होते आणि 'आजचे तीन आनंद' अशी एक कोरी वही होती. घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं!

"आणि खास बातमी," बाई म्हणाल्या. "जे थकलेत त्यांना सोमवारपासून दुसऱ्या वॉर्डात हलवतोय. तुमच्यासारख्या खंबीरांना मात्र आणखी आठ आठवडे तिथेच ठेवतोय. तुमचा फोटो इस्पितळाच्या दारातच लावू, इतरांना हुरूप येईल." त्यांनी मोबाइल वर धरला. "नाकावर काय लागलंय?"

"मास्कचा वळ. चिघळलाय."

"मग तोंड जरा डावीकडे करा ना."

डॉक्टरिणीने तोंड कुठेच केलं नाही. या बाईच्या हातातला मोबाइल जिन्यावरून भिरकावून द्यावा, असं तिला मनापासून वाटलं. पण आठ आठवडे ऐकताच तिला गेला मंगळवार आठवला. भरलेली सिरिंज हातात धरून ती दोन खाटांच्या मधे उभी होती आणि औषध कुठल्या खाटेचं ते तिला आठवत नव्हतं. चुकीच्या दंडाला तिने हात लावला तेव्हा नर्सने तिचं मनगट धरलं. ती नर्स कुणाला बोलली नाही. डॉक्टरीणही बोलली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. पुढच्या वेळी मनगट धरायला कुणी नसलं तर?

ती दारापाशी गेली तसा नवरा पुटपुटला, "अगं, सहीचा विचार कर. वर्ष जाईल."

"माझं वर्ष जाईल. त्या खाटेवरच्याचं काय जाईल ते तुला ठाऊक नाही."

बाईंनी मोबाइल खाली घेतला. "काही अडचण आहे का?"

"आहे. ते अकरा फॉर्म मी भरलेले नाहीत. या आठवड्याचा फॉर्म पुन्हा उघडून द्या. तो मला माझ्या हाताने भरायचा आहे."