तामसीच्या सेटपताई

"माझ्या कम्प्युटरवर तर चालतंय" हे वाक्य सेटपताईंसमोर बोलायची आमच्या ऑफिसात कुणाची छाती नव्हती. एखादा नवा प्रोग्रामर बोललाच, तर ताई चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "तुह्यावर चालते नं? मंग जा, डोक्यावर घे तो कम्प्युटर अन् जैनथच्या जिनिंगात नेऊन ठेव!" तो बिचारा लाल व्हायचा, आम्ही तोंडाला ओढणी लावून हसायचो. ताईंना मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

आदिलाबादेतली आमची छोटी कंपनी जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर करते. कापसाच्या गाडीचा काटा झाला की हिशेबाची पट्टी निघते, ती आमची. प्रोग्रामर लोक आपापला तुकडा लिहून मोकळे होतात. ते सगळं गोळा करून त्याची एकच फाइल, म्हणजे सेटप, करायची, जिनिंगच्या मुनीमानं टिचकी मारली की ती आपोआप बसली पाहिजे, हे ताईंचं काम. म्हणून त्या सेटपताई. मी फोनवर बसणारी. जिनिंगवाल्यांच्या शिव्या आधी माझ्या कानात पडतात. त्यामुळे ताईंच्या हातचा सेटप गेला की मला सुखानं जेवता यायचं.

हा सेटप बनायचा फक्त एकाच कम्प्युटरवर. कोपऱ्यातल्या टेबलाखालचा तो जुना डबा. त्याच्या पोटात काय काय भरलंय हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, म्हणून काम दुसरीकडे हलवायची हिंमत नव्हती. संध्याकाळी प्रोग्रामरांचं आटोपलं की ताई सेटप लावत आणि त्याच्यासमोर बसून राहत. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा साहेबांच्या भाच्यानं मोबाइल चार्जिंगला लावायला नेमकी त्याचीच पिन उपटली. ताईंनी भाचा बघितला नाही की साहेब बघितला नाही. "काऊन रे, भितीले दुसरं बोर्ड नाई काय? तुह्या मामाचंच नुसकान हाय!" दुसऱ्या दिवशी तिथे मराठी, तेलुगू आणि हिंदीत पाटी लागली: हात लावू नये.

पण रोजच्या त्या बसण्यात त्यांच्या गावाची, तामसीची बस जायची. घरी आई एकटी. दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून करून लेकीला शिकवलेली बाई, आता अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. शेजारीण दुपारी भाकर भरवायची, पण दिवेलागणीनंतर ती तरी किती बसणार? बस चुकली की ताई ऑटोसाठी चौकात उभ्या राहायच्या आणि फोनवर त्या शेजारणीला विनवायच्या. ऑफिसात कुणापुढे न वाकणाऱ्या बाईचा तो आवाज मला ऐकवत नसे.

म्हणून क्लाउडचं खूळ त्यांनीच काढलं. सेटप बनवायचं काम दूरच्या, भाड्याच्या कम्प्युटरांवर न्यायचं, घरून बटण दाबलं की झालं. साहेब हैदराबादचे. प्रत्येक मीटिंगला ताई त्यांना सांगायच्या, "साब, ये कहीं से भी होता. मैं माँ के पास बैठ के करती." साहेब म्हणायचे, "देखेंगे." देखेंगे देखेंगे म्हणता एक अख्खा हंगाम गेला. मग ताईंनी विचारणं सोडलं आणि रविवारी बसून स्वतःच शिकून घेतलं.

हलवणं काही सोपं नव्हतं. क्लाउडवर बनलेला पहिला सेटप जैनथला बसवला, तर पट्टीवर तेलुगू अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी! शेतकरी म्हणे हे काय लिहिलंय, मुनीम म्हणे मॅडमला विचारा, आणि मॅडम म्हणजे मी. ताईंनी शोधून काढलं. त्या जुन्या डब्यात कधीकाळी कुणीतरी तेलुगू फाँट टाकला होता, तो आपसूक सेटपात जात होता, आणि टाकणारा ते सांगायचं विसरून गेला होता. "असं काय काय पुरून ठेवलं हाय लोकायनं, कोणाले मालूम," म्हणत त्यांनी पावसाळाभर एकेक गोष्ट उकरून तिकडे नेली.

कापूस यायच्या आत सगळं तामसीहून सुरू झालं, साहेबांनीही अडवलं नाही. काय ते दिवस! मी फोन केला की मागे कोंबड्यांचा गलका, कुकरची शिट्टी. "सेटप बनून राह्यला, मी वांगे चिरून राह्यली, माय उनात बसली हाय. बोल." इतक्या मऊ आवाजात ताई बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. जिनिंगवाल्यांची एक तक्रार नाही. मला वाटलं, चला, एका तरी बाईचं चांगलं झालं.

डोंबलाचं चांगलं! हंगाम उतरला आणि साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मी शेजारच्याच खुर्चीत होते. साहेब हसत हसत म्हणाले, "मॅडम, आपीच बोले ना, कहीं से भी होता बोलके? तो अब हैदराबाद से होता." तिथल्या ऑफिसातले दोघं आधीच पगारावर होते, त्यांच्याच हातात हे काम द्यायचं. ताईंना हवं तर त्यांनी हैदराबादला यावं. ताई म्हणाल्या, "माँ को कैसा लाऊँ साब?" साहेबांनी घड्याळ बघितलं. साहेबांना माहीत होतं हो, त्या आईला हलवता येत नाही ते. माहीत होतं म्हणूनच विचारलं! आजही त्यांचं तोंड बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि तरी सकाळी नमस्ते करावं लागतं, कारण माझं घर याच पगारावर चालतं.

त्या दोघांना ताईंनीच शिकवलं. मी चिडून म्हटलं, "ताई, एखादी गोष्ट तरी ठेवा ना पोटात. येतील झक मारत." त्या माझ्यावरच खेकसल्या, "अन् जिनिंगचा काटा बंद पडला तं? गाड्या घेऊन उभे राह्यतीन लोकं. त्यायनं काय केलं माहं?" निरोपाला शाल, केक आणि साहेबांचं भाषण झालं. त्यात 'परिवार' हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजायचं सोडून दिलं. ताईंनी केक खाल्ला नाही. बस आहे म्हणून उठल्या.

पुढे मी फोन केला की त्या म्हणत, "कामात हाव, मंग बोलतो." मला बरं वाटायचं, दुसरीकडे लागल्या असतील. एक दिवस न राहवून रजा टाकली आणि तामसीची बस धरली. ओसरीत खाटेवर उशांना टेकून आई बसली होती. मला बघताच तिनं चांगला हात उचलून ओठांवर बोट ठेवलं. उघड्या दारातून ताई दिसल्या. इस्त्रीची साडी, पुढ्यात लॅपटॉप. कंपनीचा तर कंपनीनं परत घेतला होता, हा कुणाचा तरी जुना. त्याचा पडदा काळा होता. चार्जरची वायर खुंटीला गुंडाळून ठेवलेली. ताईंनी माझ्याकडे बघितलं, काही बोलू नको अशी मान हलवली, आणि पुन्हा त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून बटणांवर बोटं चालवू लागल्या.

मी खाटेच्या कडेला टेकले. आई माझ्या कानाशी कुजबुजली, "हळू बोल वं बाई. लेक ऑफिसात हाय. मी तं दिवसभर खोकला बी दाबून धरतो."