गुंतलेले दोरे

खडीसाखरेच्या त्या कारखान्यात काकांच्या पाकाला तोड नव्हती. मोठ्या हंड्यात साखर विरघळवायची, पाक आटवायचा, निवत आला की बारीक साखर लावलेले दोरे त्यात सोडायचे. मग सात दिवस हंड्याला बोट लावायचं नाही. दोऱ्यांवर बोराएवढे खडे धरतात. दोरे बांधायला काकांची बायको होती, कारखान्याच्या काकू. पण दोरे बांधण्याला काम कोण म्हणतो! त्यातून काकूंचे दोरे ऐन वेळी हमखास गुंतायचे. "अहो, थांबा जरा, गुंता झालाय," म्हणत त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या आणि काका कपाळाला हात लावायचे. तीस वर्षं सगळे त्या गुंत्यावर हसले.

पुढे काकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मालक बाहेरून पाकवाला आणायला निघाले, तेव्हा काकू कंबर कसून समोर उभ्या राहिल्या.

"एक हंडा मला द्या. बिघडला तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

"काकू, दोरे वेगळे, पाक वेगळा," मालक म्हणाले. पण नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

पाक आटला, उतरवला, निवू लागला. तापमापक खुणेवर आला तसे मालक म्हणाले, "चला, सोडा दोरे."

"थांबा, गुंता..." काकू सवयीनं बोलल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या. आज कुणाचं मन राखायचं होतं? त्यांनी सगळ्यांसमोर काचेच्या पेल्यात पाक घेतला, एक खडा त्यात टाकला आणि पेला उजेडात धरला. खड्याभोवती बारीक रेघा थरथरत होत्या.

"बघा, विरघळतोय. पाक गरम आहे तोवर साखर पोटात घेतो. आत्ता दोरे सोडले तर त्यांच्यावरची साखरही गिळेल, मग खडे धरणार कशावर? अजून निवू दे."

"आणि जास्त निवून वर साखरेची साय धरली म्हणजे?" मालकांनी विचारलं.

"तर मी घरी बसेन."

तिसऱ्या पेल्यात खडा आपल्या कडा सांभाळून स्वस्थ बसला. तेव्हा कुठे काकूंनी दोरे सोडले. पुढचे सात दिवस त्या घर ते कारखाना येरझाऱ्या घालत राहिल्या. काकांनी एका शब्दानंही काही विचारलं नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

आठव्या दिवशी काका काठी टेकत कारखान्यात हजर. काकूंनी पहिला दोरा उचलला. टपोरे, स्वच्छ खडे. पलीकडची खिडकी दिसावी असे.

"वा! काकांनी घरी चांगलंच शिकवलेलं दिसतंय," मालक म्हणाले.

काकूंनी नेहमीसारखी मान खाली घातली. काकांनी मात्र काठी आपटली.

"मी काय शिकवणार? मी जन्माचा उतावळा. ही अडवायची म्हणून माझे हंडे साधले."

काकूंचा हात दोऱ्यासकट तसाच राहिला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, तीस वर्षांत तुझा एक दोरा कधी गुंतला नाही. मला काय दिसत नव्हतं? सांगायची लाज वाटत होती."

काकूंचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती. त्यांनी दोरा मालकांच्या हातात दिला आणि दुसरा हंडा चढवायला सांगितला.