शेख मॅडमची खरखरीतली शाळा

खैरुन्निसा शेख मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत, आणि तेव्हा त्या उभ्या होत्या. नंतरच्या इतक्या वर्षांतही त्या निवांत बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. टेबलांच्या रांगांमधून त्यांच्या सारख्या येरझाऱ्या चालायच्या. हातात स्क्रूड्रायव्हर, पदर कमरेला खोचलेला. माझ्याजवळ येऊन त्या थांबल्या आणि नाव विचारलं. आमच्या वस्तीतून इलेक्ट्रॉनिक्सला आलेली मी पहिलीच मुलगी. पुटपुटत म्हटलं, "राजश्री."

"भिंतीला ऐकू गेलं का?"

"न्हाय, मॅडम."

"मग परत सांग. एकेक अक्षर फोड. रा, रानातला रा. ज, जहाजातला ज."

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून नाव तीनदा वदवून घेतलं आणि मगच पुढच्या टेबलाकडे वळल्या. हौशी रेडिओवाले अवघड शब्द असेच फोडून सांगतात, हे मला पुढे कळलं, कारण त्याच वर्षी मॅडमनी मला त्यांच्या घरच्या रेडिओसंचापुढे नेऊन बसवलं. (त्या स्वतः अर्थात माझ्या पाठीमागे उभ्याच होत्या.) सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, आपलं स्टेशन उभारायचं आणि कुठल्या कंपनीच्या तारेवाचून, टॉवरवाचून जगाशी बोलायचं, हा छंद त्यांनी सोलापुरातल्या कितीतरी जणांना लावला. आमचं हौशी रेडिओ मंडळ उभं राहिलं ते त्यांच्यामुळे.

माझं लग्न झाल्यावर सासरी या छंदावरून कुरबुर सुरू झाली. सून रोज संध्याकाळी परक्या पुरुषांशी बोलत बसते, हे सासूबाईंना रुचेना. मॅडमना हे कुठून तरी कळलं. एका रविवारी त्या आपणहून घरी आल्या. माझ्याविषयी अवाक्षर न काढता त्यांनी सासूबाईंच्या कानाला हेडफोन लावला. पलीकडे केरळातले एक निवृत्त मास्तर मोडक्या हिंदीत बोलत होते. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाल्या, "जेवला का म्हणून इचार की त्याला." त्यानंतर घरात कुरबुर उरली नाही. मास्तर जेवले का, ही चौकशी मात्र मला रोज करावी लागे.

काही वर्षांपूर्वी मॅडमच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. जुनं घर सोडून त्या मुलाकडे, इम्रानकडे, सात रस्त्याजवळच्या इमारतीत राहायला आल्या. गच्चीवर कुणीही तारा बांधायच्या नाहीत, असा तिथल्या सोसायटीचा ठराव होता. अँटेना उतरली. रेडिओसंच चादरीत गुंडाळून पलंगाखाली गेला. मी भेटायला जाई तेव्हा मॅडम काठी टेकत या खोलीतून त्या खोलीत फिरत असायच्या. वर्तमानपत्र उघडायच्या, मिटायच्या. खिडकीशी जायच्या, परत यायच्या. इम्रान मला दाराशी गाठून म्हणाला, "ताई, अम्मीला कायतरी काम द्या हो. डॉक्टर म्हणतात आराम, आन् आराम केला की तिचं बीपी वाढतं."

म्हणून मी त्यांच्या संगणकावर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात पडद्यावर रेडिओसंच दिसतो. बटण फिरवलं की एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जाता येतं. आवाज खरं तर इंटरनेटवरून जातो, पण मधली खरखर, आवाजाचं विरणं, दिवस कलल्यावर दूरची माणसं ऐकू येणं, हे सगळं खऱ्या रेडिओसारखं हुबेहूब घडवलेलं असतं. त्याला अँटेना लागत नाही, परवानाही लागत नाही.

मॅडमनी थोडा वेळ बटणं फिरवली आणि हेडफोन काढून ठेवला. "हा तर फोनच की, राजश्री. आत खोटी खरखर घातलेला फोन."

मी खजील होऊन घरी परतले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. "परवाना लागत नाही म्हणालीस ना? मग परवाना नसलेल्यांना यावर शिकवता येईल की."

आणि शाळा सुरू झाली. रोज संध्याकाळी घरोघरच्या संगणकांवरून मंडळी हजर व्हायची. मंगळवेढ्याचे एक औषधदुकानदार होते, अक्कलकोटचे एक कानडी मास्तर होते, आणि कुंभारीच्या कामगार वसाहतीतली लक्ष्मी होती. ती एका शाळेत कारकून, घरची भाषा तेलुगू, आणि मराठी बोलताना फार घाबरायची. सॉफ्टवेअरमध्ये खरखर बंद करायची सोय आहे. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, ती सोय कुणी वापरायची नाही. उलट शिकवताना त्या खरखर वाढवायच्या. लक्ष्मी रडकुंडीला यायची.

"मॅडम, मलाच माझं ऐकू येईना झालंय."

"हौ, मग सावकाश बोल. जोरात नको, सावकाश. शब्द फोड. संपलं की ओव्हर म्हण."

मंडळातल्या काही ज्येष्ठांना हे खटकलं. ज्या मॅडमनी आम्हाला तारा ओढायला लावल्या, सोल्डरिंग करताना हात भाजून घ्यायला लावले, त्या आता पडद्यावरच्या चित्राशी खेळतात, असं ते उघड म्हणू लागले. सभेत शब्दाला शब्द वाढत गेला. "हा रेडिओचा अपमान आहे," असं एकांनी सुनावलं तेव्हा मॅडम उठून निघून गेल्या. त्यांनी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. संध्याकाळची शाळा सोडली नाही. ते महिने आम्हा सगळ्यांना फार अस्वस्थ गेले. दोन्हीकडची माणसं आपलीच होती, आणि कुणाकडे गेलं की दुसऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. त्याच काळात लक्ष्मी सरकारी परीक्षा पास झाली आणि तिला परवाना मिळाला.

पुढच्या पावसाळ्यात भीमेला पूर आला. मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका नदीकाठच्या गावाला पाण्याने वेढलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. प्रशासनाने मंडळाकडे मदत मागितली. मंडळाने शहरातल्या एका सरकारी कचेरीत मुख्य स्टेशन लावलं आणि एका अनुभवी सभासदाबरोबर लक्ष्मीला बोटीने गावात पाठवलं. ते बॅटरी आणि अँटेना सांभाळणार, लक्ष्मी बोलणार, असं ठरलं.

त्या दिवशी मॅडमनी सकाळपासून मला इतके फोन केले की शेवटी मी रजा टाकून त्यांच्याकडे गेले. संगणक बंद होता. "आज त्याचा काय उपयोग? तिकडं नेटच न्हाय." पलंगाखालचा संच त्यांनी आधीच बाहेर ओढून ठेवला होता. मला म्हणाल्या, "तार घे. गच्चीवर चल."

"मॅडम, गुडघे! आणि सोसायटीचा ठराव..."

"तू तार घेतेस का मी घेऊ?"

शेवटच्या मजल्यापर्यंत लिफ्ट होती. पुढचा जिना त्या कठड्याला धरून, दर पायरीला थांबत चढल्या. पाऊस भुरभुरत होता. मी पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत तार ताणली आणि लिफ्टच्या खोलीतल्या प्लगवरून वीज घेतली. खऱ्या रेडिओची खरखर सुरू झाली तेव्हा मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग बटण अगदी हलक्या हाताने फिरवत फिरवत त्यांनी लक्ष्मीचा आवाज शोधून काढला.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन बिराजदारसाहेब वर आले. "मॅडम, हे काय चाललंय? ठराव झालाय की! आन् लाइट पण सोसायटीची?"

मॅडमनी नुसता हात वर केला. स्पीकरवर लक्ष्मी सांगत होती, "एका बाईला साप चावलाय. बोट पाठवा. ओव्हर." मुख्य स्टेशनवर बसलेल्यांना कचेरीतल्या इन्व्हर्टरांच्या आणि संगणकांच्या गोंगाटात अर्धंच ऐकू जात होतं. त्यांचं उत्तर आलं, "ताप आल्याचं समजलं. गोळ्या संध्याकाळच्या बोटीने पाठवतो. ओव्हर."

बिराजदारसाहेब पुढे सरकले. "ताप? ती साप म्हणाली की!"

लक्ष्मीने पुन्हा सांगितलं. पुन्हा उत्तर आलं, ताप. आता ही पोरगी ओरडणार, घाबरणार, मग एक अक्षरही कळणार नाही, असं मला वाटलं. मग तिचा आवाज आला, पहिल्यापेक्षा सावकाश. "शब्द फोडते. सा, साखरेतला सा. प, परातीतला प. साप. ओव्हर."

मुख्य स्टेशनवरून परत "ताप?" असंच आलं. त्यांना हेही नीट पोहोचलं नव्हतं. तेव्हा मॅडमनी माइक उचलला, आपली ओळख सांगितली आणि म्हणाल्या, "मी दोघांनाही ऐकतेय. गावाचा निरोप पुढं देते. ताप नव्हे, साप. साखरेतला सा. बाईला सर्पदंश झालाय. लस घेऊन बोट आत्ता पाठवा. ऐकलं ते परत म्हणून दाखवा. ओव्हर."

मुख्य स्टेशनने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला आणि बोट ताबडतोब निघाली. त्यानंतर दिवसभर गावाचे निरोप मॅडममार्फतच गेले. भुरभुर वाढली तेव्हा बिराजदारसाहेबांनी घरून छत्री आणली आणि संचावर धरून उभे राहिले.

ती बाई वाचली. बोट सुखरूप पोहोचल्याचा निरोप आला तेव्हा मी मॅडमच्या हातात चहाचा कप दिला, आणि त्यांना तो धरता येईना. त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. मीच कप धरला, आणि त्या दोन घोट प्यायल्या.

गावात मोबाइल सुरू झाल्याबरोबर त्यांनी लक्ष्मीला फोन लावला. आता कौतुक होणार म्हणून मी कान टवकारले. "सगळं बरोबर. शेवटच्या निरोपाला ओव्हर म्हणायचं विसरलीस."

"मॅडम, रडू येत होतं हो."

"रड की. पण ओव्हर म्हणून रड."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सोसायटीने पुढच्या बैठकीत मॅडमसाठी एका तारेला परवानगी दिली. ठराव बिराजदारसाहेबांनीच मांडला. सभेत ज्यांच्याशी वाद झाला होता ते ज्येष्ठ सभासद मिठाई घेऊन घरी आले. गप्पा झाल्या, आणि निघताना ते म्हणालेच, "पण मॅडम, ते सॉफ्टवेअर म्हणजे काही रेडिओ नव्हे."

"नव्हेच," मॅडम म्हणाल्या. "मी कधी म्हटलं, आहे म्हणून? तुम्ही मंगळवारी शिकवायला येताय का सांगा." ते येऊ लागले. अजूनही येतात, आणि अजूनही प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणून मगच शिकवायला बसतात.

नदीकाठच्या दर गावात परवाना असलेलं एक तरी माणूस हवं, असं मॅडमनी तेव्हापासून मनात घेतलं आहे. ते अजून पुष्कळ दूर आहे. काही जण अर्ध्यात सोडतात, काही परीक्षेत अडकतात, काहींना कामधंद्यातून वेळ होत नाही. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की मॅडमच्या येरझाऱ्या वाढतात आणि आम्हा सगळ्यांचे फोन वाजू लागतात. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मंडळ काढत असलेल्या या गौरवग्रंथाची कल्पना आम्ही सांगायला गेलो तेव्हा त्यांनी निम्मं ऐकून विचारलं, "पुस्तकाला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात किती जण परीक्षेला बसतील?" हा लेख मी त्यांच्यापासून लपवून लिहिते आहे.

अशा व्यक्तीला पंचाहत्तराव्या वर्षी स्वस्थतेच्या शुभेच्छा द्यायला माझी लेखणी धजत नाही. मॅडमचे नवे गुडघे त्यांना खंबीर साथ देवोत, कान असेच तल्लख राहोत, रक्तदाब इम्रानच्या धाकात राहो. नदीकाठच्या शेवटच्या गावात बोलणारं माणूस उभं राहीपर्यंतचं आयुष्य त्यांना लाभोच. आणि त्यानंतरही त्यांना पुष्कळ, निरोगी, काहीच काम शिल्लक नसलेली वर्षं मिळोत. ती त्या कशा घालवतील, हे आम्हा सर्वांना डोळ्यांनी पाहायचं आहे.