गाळलेली आत्या

नवऱ्याची बदली बंगळूरला झाली म्हणून नलिनी गावंडे मॅडमनी कॉलेज सोडलं, असं आमच्या स्टाफरूममध्ये अजून सांगतात. साफ खोटं आहे. बदली पुढे वर्षभरानं झाली. त्या का गेल्या हे मला माहीत आहे, कारण त्या प्रकरणात माझाही हात आहे. मी दादासाहेब, घोटावड्याजवळच्या एका ज्युनियर कॉलेजचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे तीन कपाटं, एक झेरॉक्स मशीन आणि सहा वर्तमानपत्रं सांभाळणारा माणूस.

मॅडम अकोल्याच्या. नवरा आयटीत, म्हणून घर बावधनला, आणि तिथून रोज स्कूटीवर आमच्याकडे. २००५च्या जूनमध्ये अकरावीला प्रसारमाध्यमांची ओळख करून देणारा नवा विषय आला. जुन्या मास्तरांपैकी कुणालाच तो नको होता, तेव्हा रीतीप्रमाणे नव्या माणसाच्या गळ्यात मारला. मॅडमना मात्र आभाळ ठेंगणं झालं. “दादासाहेब, पोरं पेपर वाचूनच नाही राहिली!” असं त्या कळवळून म्हणायच्या आणि त्यांची पाठ वळली की आम्ही त्यांची नक्कल करायचो. चांगल्या होत्या हो बाई. म्हणूनच आजही त्यांचा राग नीट येत नाही.

वर्गखोली शिल्लक नव्हती, त्यामुळे हा तास माझ्या लायब्ररीतच, कपाटांच्या पलीकडे भरायचा. मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी एकाच अपघाताची बातमी तीन पेपरांतून वाचून दाखवली. एका पेपरात चूक ट्रकवाल्याची होती, दुसऱ्यात रस्त्याची, तिसऱ्यात मेलेल्याची. पोरं आ वासून ऐकत होती आणि मीही रजिस्टर बाजूला सारलं होतं. मग त्यांनी सगळ्यांना आपापल्या घराविषयी एक पान लिहायला सांगितलं. त्यातलं एक निवडून त्या फळ्यावर त्याची बातमी करून दाखवणार होत्या.

निवडलं ते पल्लवी कोकरेचं. पल्लवी धनगराची, शिक्षणासाठी घोटावड्यात मामाकडे राहायची. बाप धुळा, आई राजाबाई. धरणाच्या अंगाला डोंगरउतारावर त्यांचं घर आणि नाचणी-वरईचं थोडं रान. सातबारा पुण्यातल्या कुणा मालकाच्या नावावर, पण आज्यापासून ते रान कोकऱ्यांच्याच वहिवाटीत. तिनं लिहिलं होतं ते मला पाठ आहे: “दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे सगळं बिऱ्हाड, मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. पावसाच्या तोंडाला परत येतो. रंभाआत्या चार शेरडं घेऊन मागं राहती आणि रान राखती.”

मॅडमनी फळ्यावर तिसऱ्या वाक्यावर लाल खडूनं काट मारली.

“पण मॅडम, आत्या असती की तिथं,” पल्लवी म्हणाली.

“असू दे ना बेटा. पण ती आली की घर रिकामं राहत नाही, आणि वाचणाऱ्याचा जीव रिकाम्या घरात अडकतो. खोटं काही लिहायचं नाही, फक्त गाळायचं.” असं म्हणून त्यांनी पुढचं स्वतःच लिहिलं: “सहा-सात महिने आमच्या घराला कुलूप असतं. तिथं चिटपाखरूही नसतं.”

आत्या गाळली इथवर ठीक होतं. पण चिटपाखरू कुठून आलं? हे मला तेव्हा सुचलं नाही. कपाटाच्या अलीकडे बसून मी मनात म्हटलं, वा! पोरांनी तर टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी तो मजकूर एका पेपरच्या तालुका पुरवणीला पाठवला. ऑक्टोबरमध्ये तो छापून आला, पल्लवीच्या फोटोसकट, खाली तिचं पूर्ण नाव आणि गाव. धुळा मुद्दाम कॉलेजात आला. पटका बांधलेला, पायात जाड वहाणा. मॅडमना वाकून नमस्कार करायला लागला तशा त्या मागे सरकल्या. “बाई, आमच्या सात पिढ्यांत कुनाचं नाव छापून आलं न्हाई,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाचता येत नव्हतं, आणि आत काय लिहिलंय हे कुणी त्याला वाचून दाखवलं नाही. मी कात्रण लॅमिनेट करून दिलं, ते त्यानं खमिसाच्या आत घातलं आणि दिवाळी झाल्यावर कोकणातही बरोबर नेलं.

त्या वर्षी आमच्या भागाचं काही खरं नव्हतं. आज ज्या माळावर गुरं चरत होती तिथं उद्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसायच्या. कुणी मारल्या, कुणाला माहीत नाही. काळ्या काचांच्या गाड्या झाडाखाली तासन् तास उभ्या असायच्या, त्यातून कुणी उतरायचं नाही. ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की आवाज खाली करून बोलायची. कुणी काही विचारलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी पेढ्यांचा बॉक्स यायचा, आणि पेढ्यांचीच भीती वाटायची.

मार्गशीर्षात त्यातलीच एक गाडी कॉलेजच्या फाटकात उभी राहिली. इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस लायब्ररीत आला. अतिशय अदबीनं त्यानं ऑक्टोबरची फाइल मागितली, पुरवणीचं ते पान काढलं आणि दोन झेरॉक्स सांगितल्या. “हुशार आहे हो मुलगी,” तो म्हणाला. मीही फुशारून सांगितलं, आमच्या कॉलेजची आहे. झेरॉक्स जरा फिकट आल्या म्हणून मी पुन्हा गडद काढून दिल्या. त्यानं दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिले आणि नीट घडी घालून नेले.

माघात रंभाआत्या चालत कॉलेजात आली. सत्तरीची बाई, पहाटे निघून दुपारी पोचली होती. “पोरी, आपल्या रानात खांब पुरल्यात. तार वढल्या. मला म्हनत्यात, म्हातारे, तू कोन? हितं तर कोनच ऱ्हात न्हाई.” पल्लवी तिचा हात धरून नुसती उभी राहिली. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि माझ्याकडून ऑक्टोबरची फाइल मागून घेतली. त्यांना सगळं तेव्हाच कळलं असावं. मलाही त्या दोन झेरॉक्स आठवल्या आणि मी कुणालाच काही बोललो नाही.

निरोप कोकणात पोचला. मेंढरं राजाबाईच्या हवाली करून धुळा वर आला. मालकानं सगळा डोंगर एका कंपनीला विकला होता. वहिवाट सिद्ध झाली तर धुळाचं रान वाचणार होतं, नाहीतर घरासकट जाणार होतं. चैत्रात पौडला तहसीलदार साहेबांपुढे सुनावणी लागली. मॅडम आणि मी दोघेही गेलो; पल्लवी आणि रंभाआत्या धुळाबरोबर आल्या होत्या.

धुळा त्या दिवशी खुशीत होता. साहेबांनी पुरावा विचारला तसं त्यानं खमिसात हात घातला आणि ते लॅमिनेट केलेलं कात्रण काढलं. “सायेब, पेपरात छापून आलंय. घर माझं हाय, रान माझं हाय, सगळं लिवलंय. माझ्या लेकीनं लिवलंय.” मॅडम “धुळाभाऊ, थांबा” म्हणून पुढे झाल्या, तोवर कात्रण टेबलावर पोचलं होतं.

कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली नाही. उलट म्हणाला, हा कागद आम्हालाही मान्य आहे. आणि माझ्या मशीनमधून निघालेला कागद हातात धरून त्यानं शांतपणे वाचलं, “सहा-सात महिने आमच्या घराला कुलूप असतं. तिथं चिटपाखरूही नसतं.” मग विचारलं, हे यांच्याच मुलीचं नाव ना?

धुळानं पल्लवीकडे बघितलं. “असं लिवलंस व्हय गं?” रागावून नव्हे, खरंच विचारल्यासारखं. रंभाआत्या ओरडायला लागली, मी ऱ्हाते, मी ऱ्हाते, तेव्हा शिपायानं तिला गप्प बसवलं. घरचं माणूस, ते असंच म्हणणार, असं वकील म्हणाला.

मग मॅडम उठल्या. म्हणाल्या, मुलीनं आत्याचं लिहिलं होतं, मी ते गाळलं. कुलपाचं वाक्य माझं आहे. साहेब चांगला माणूस होता, त्यानं लेखणी थांबवली. मुलीच्या हातचा कागद आहे? तो दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेला होता. बरं, तुम्ही स्वतः त्या घरी गेला होता? कुणी तिथं राहतं असं डोळ्यांनी पाहिलंत?

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजपासून ते घर स्कूटीवर तासाभराच्या वाटेवर होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. मी झेरॉक्सचं सांगायला उठलो नाही. उठून उपयोग नव्हता असं मी स्वतःला अजून सांगतो.

निकाल महिन्याभरानं लागला, पण त्या दुपारी बाहेर पडतानाच आम्हा सगळ्यांना तो माहीत होता. आवारात धुळा मॅडमची समजूत घालत होता. “तुमी लेकीचं नाव मोठं कराया गेला, बाई. तुमचं काय चुकलं त्यात?” हे ऐकून त्या रडायला लागल्या. तो बिचारा गोंधळून आत्याला पाणी आणायला गेला.

पल्लवी रडली नाही. परत मिळालेलं कात्रण तिच्या हातात होतं. सोळा वर्षांची पोर, फोटोतल्यासारख्याच दोन वेण्या. ती मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली आणि वर्गात शंका विचारावी तशी म्हणाली, “मॅडम, ह्यातनं माझं नाव काढता येईल का?”